सॉफ्टवेअरची हिस्ट्री कोण घेणार?

दवाखान्यात गेलं की हल्ली काही वाक्यं सगळ्यांच्याच कानावर पडतात. "सर्व्हर डाऊन आहे, जरा थांबा." "मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." "या नावाने नोंद दिसत नाही." "जन्मतारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाहीये." खिडकीच्या आतला कर्मचारी वैतागलेला असतो, बाहेरचा रुग्ण त्याहून जास्त. कॉम्प्युटर बिघडलाय किंवा तो चालवणाऱ्याला नीट येत नाही, अशी दोघांचीही समजूत होते.

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. कॉम्प्युटर त्याला सांगितलं तेच करत असतो आणि कर्मचारीही त्याच्या परीने झटत असतो. चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते. सॉफ्टवेअर लिहायला घेण्यापूर्वी जे प्रश्न विचारायला हवे होते, ते कुणी विचारलेलेच नसतात.

आरोग्याच्या लेखात सॉफ्टवेअरचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आता तुमचा केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी, विमा योजनेची मंजुरी हे सगळं सॉफ्टवेअरमधून जातं. तिथे 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' ही नोंद योग्य वेळी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आली नाही, तर त्याचा परिणाम तुमच्या शरीरावर होतो. म्हणून हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं, हे रुग्णांनाही कळायला हवं.

'चालतं' आणि 'चांगलं आहे' यात फरक आहे

आपण सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारतो: चालतं का? बटण दाबलं की पान उघडतं, बिल छापून येतं, मध्येच बंद पडत नाही, म्हणजे झालं. पण हा निम्माच प्रश्न आहे.

समजा, एखाद्या रुग्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन अगदी सफाईने झालं. टाके सुरेख, जखम कोरडी, संसर्ग नाही. पण दुखणं मुळात कमरेच्या मणक्यातून येत होतं. मग ऑपरेशन 'चांगलं झालं' म्हणायचं का? सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. आपण ही वस्तू नीट बनवली का? आणि मुळात बनवायला हवी ती वस्तू हीच होती का? पहिल्याचं उत्तर तंत्रज्ञ देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर ती वस्तू वापरणाऱ्या माणसाकडे असतं.

सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५०१०. २०११ च्या आवृत्तीत गुणवत्तेच्या आठ बाजू सांगितल्या होत्या. हवं ते काम होतं का, वेग कसा आहे, वापरायला सोपं आहे का, भरवशाचं आहे का, माहिती सुरक्षित राहते का, वगैरे. २०२३ मध्ये त्यात नववी बाजू स्वतंत्रपणे आली: वापरामुळे माणसाच्या जिवाला किंवा आरोग्याला इजा होणार नाही ना? डॉक्टर म्हणून मला ही नववी बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. पण या नऊपैकी एकही बाजू हवेत मोजता येत नाही. 'सोपं' म्हणजे कुणाला सोपं? 'भरवशाचं' म्हणजे कोणत्या परिस्थितीत? हे आधी ठरलेलं नसेल तर मोजणार काय?

गरज ओळखणं म्हणजे हिस्ट्री घेणं

तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन म्हणता, "पोटात दुखतंय." चांगला डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, पूर्वी असं झालं होतं का, घरात कुणाला होतं का, हे सगळं विचारतो. याला आम्ही हिस्ट्री घेणं म्हणतो. निदानाचा मोठा भाग इथेच होऊन जातो. हिस्ट्री चुकली की पुढच्या महागड्या तपासण्याही भलत्याच दिशेने जातात.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम करणाऱ्या माणसाला बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. त्याला कोड लिहिता आला पाहिजे असं नाही. त्याने केसपेपरच्या खिडकीमागे बसायचं, वॉर्डात सिस्टरबरोबर फिरायचं, औषधांच्या काउंटरवर उभं राहायचं आणि काम खरोखर कसं चालतं ते पाहायचं. कागदावरच्या नियमात जे आहे आणि प्रत्यक्षात जे होतं, त्यातलं अंतर शोधायचं. मग प्रत्येक गरज अशा शब्दांत लिहायची की ती पूर्ण झाली की नाही हे नंतर तपासता येईल.

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच पायरी वगळली जाते, असं मला वाटतं. खरेदी करणारा वेगळा, बनवणारा वेगळा, वापरणारा वेगळा आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो रुग्ण तर या कुठल्याच बैठकीत नसतो. टेंडरमध्ये 'ओपीडी मॉड्यूल, आयपीडी मॉड्यूल, फार्मसी मॉड्यूल' अशी यादी असते. पण लुगड्याच्या पदरात गोळ्यांची रिकामी पाकिटं बांधून आणणाऱ्या आजींची औषधं सिस्टरने कुठे आणि कशी नोंदवायची, हे त्या यादीत कुठेच नसतं.

को-विनने काय शिकवलं

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने वापरलेलं आरोग्याचं सॉफ्टवेअर म्हणजे को-विन. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं ते याच्याच आधारावर. तंत्र म्हणून ते भक्कम होतं. १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात देशात २.५ कोटींपेक्षा जास्त डोस दिले गेले आणि त्यांच्या नोंदी याच पोर्टलवर झाल्या. एवढा भार पेलणं ही मोठी गोष्ट आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आधी ऑनलाइन वेळ घेणं सक्तीचं होतं. ज्याच्याकडे स्मार्टफोन, वेगवान नेट आणि चपळ बोटं, त्याला स्लॉट. शहरातली माणसं गाडी करून खेड्यातल्या केंद्रावर लस घ्यायला आली आणि गावातली माणसं बाहेर बघत उभी राहिली, अशा तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. हा सॉफ्टवेअरमधला बिघाड नव्हता. जो आधी येईल त्याला वेळ द्यायची, हे सांगितलेलं काम ते चोख करत होतं. फक्त 'गावातल्या नेट नसलेल्या माणसाला लस कशी मिळेल?' हा प्रश्न त्या कामाच्या यादीत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२१ च्या अखेरीस याच मुद्द्यावर बोट ठेवलं. केवळ डिजिटल पोर्टलवर विसंबलं तर ज्यांच्याकडे साधनं नाहीत ते लसीपासून वंचित राहतील, असं न्यायालयाने म्हटलं. दृष्टिहीन व्यक्तींना पोर्टल वापरताना येणाऱ्या अडचणींचीही दखल घेतली.

मग दुरुस्त्या होत गेल्या. वेळ घेतलेले पण केंद्रावर न गेलेले काही लोक नोंदीत 'लस घेतली' असे दिसू लागले होते, म्हणून ८ मे पासून चार आकडी सुरक्षा कोड आला. २४ मे पासून १८ ते ४४ वयोगटाला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणीची मुभा मिळाली. जूनमध्ये पोर्टल मराठीसह इतर भारतीय भाषांत आलं. एका मोबाइल नंबरवर चारच माणसांची नोंद होत असे, ती मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये सहा झाली.

यातली एकही दुरुस्ती तंत्राच्या दृष्टीने अवघड नव्हती. घरात माणसं चारपेक्षा जास्त आणि फोन एकच असू शकतो, मराठी माणसाला मराठी लागते, हे पहिल्या दिवशीही कळण्यासारखं होतं. लस घेणाऱ्याला आणि आशाताईंना आधी विचारलं असतं तर बरंच काही आधीच कळलं असतं. घाईचा काळ होता हे मान्य. पण आता घाई नसतानाही आपण तीच पद्धत चालवायची का, हा माझा प्रश्न आहे.

रत्नागिरीची हिस्ट्री वेगळी आहे

मोठ्या शहरात बसून बनवलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं आपल्या जिल्ह्यात आणलं की काय होतं, ते पाहू.

ओटीपीचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. कारण आपल्याला ठाऊक आहे: कर्ता पुरुष मुंबईत चाकरमानी. गावच्या घरात आई-वडील आणि कागदपत्रांवर मोबाइल नंबर मुंबईच्या मुलाचा. आजी लांज्याच्या दवाखान्यात खिडकीपाशी उभी आणि ओटीपी गेला लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या मुलाच्या खिशात. तो फोन उचलेपर्यंत आजीचा नंबर गेला. 'फोन हातात असलेला रुग्ण' हे गृहीत धरणं ही गरज ओळखण्यातली चूक आहे. कर्मचाऱ्याने केस सोडून नुसता फोनकडे बघत बसावं अशी ती व्यवस्था आहे.

नावांचंही तसंच. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं. इंग्रजीत लिहिताना 'शेवंती'चं स्पेलिंग तीन जण तीन प्रकारे करतात. सॉफ्टवेअरला प्रत्येक स्पेलिंग म्हणजे नवीन बाई. मग एकाच बाईचे तीन केसपेपर तयार होतात. एकात तिचा मधुमेह, दुसऱ्यात तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन, तिसऱ्यात तिची औषधाची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांसमोर उघडतो त्यातला एकच.

वयाचीही गत अशीच. "सत्तरीच्या आसपास असेन" असं सांगणाऱ्या माणसाकडे सॉफ्टवेअर जन्मतारीख मागतं आणि कर्मचारी नाइलाजाने १ जानेवारी टाकतो. खिडकीपुरतं काम होतं, पण पुढच्या वेळी दुसरा कर्मचारी दुसरं वर्ष टाकतो आणि रुग्णाची जुनी नोंद सापडेनाशी होते. 'अंदाजे वय' असा एक चौकोन ठेवला असता तर खोटी तारीख टाकायची वेळच आली नसती.

तातडीच्या रुग्णाचा विचार करा. फुरसं चावलेल्या माणसाला शेजारी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात. बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी झाडावरून पडतो, सोबतच्याला मराठी येत नाही. अशा वेळी आडनाव, मोबाइल आणि आधार भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसेल, तर सिस्टरने काय करायचं? आधी उपचार आणि नोंद मागाहून, हेच योग्य. पण त्यासाठी 'अनोळखी रुग्ण' म्हणून एका बटणावर नोंद सुरू करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच असायला हवी. शिवाय साप चावल्याची वेळ लिहायला जागा हवी. उपचारासाठी ती वेळ आडनावापेक्षा महत्त्वाची आहे.

आणि पावसाळा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज आणि मोबाइलची रेंज नव्हती. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण पाण्याखाली गेलं. नेहमीच्या पावसातही लाइट जाणं आपल्याला नवं नाही. सतत नेट लागणारं सॉफ्टवेअर इथे आणायचं आणि मग 'सर्व्हर डाऊन' म्हणून रुग्णाला परत पाठवायचं, हे होडी आणताना वल्हं विसरण्यासारखं आहे.

गरज लिहायची कशी?

'सॉफ्टवेअर सोपं, जलद आणि सुरक्षित असावं' ही गरज नव्हे, ती शुभेच्छा आहे. ती पूर्ण झाली नाही हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. उलट हे वाचा:

'नेट बंद असताना केसपेपर काढणं आणि औषध देणं किमान २४ तास चालू राहावं. नेट आल्यावर नोंदी आपोआप वर चढाव्यात.'

'अ‍ॅलर्जीची नोंद असलेलं औषध डॉक्टरांनी निवडलं तर त्याच पडद्यावर इशारा यावा. तो ओलांडायचा असेल तर कारण लिहावं लागावं.'

हे तपासता येतं. नेटची वायर काढून बघा. खोटा रुग्ण तयार करून त्याला पेनिसिलिन लिहून बघा. पास की नापास, लगेच कळतं.

एक खरं उदाहरण देतो. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, मृत्यूही होऊ शकतो. अशा दुर्घटना जगभर झाल्या आहेत. म्हणून अमेरिकेतल्या औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने शिफारस केली की हे औषध निवडल्यावर सॉफ्टवेअरने आपणहून 'आठवड्यातून एकदा' हाच पर्याय दाखवावा आणि रोजचा डोस लिहायचा असेल तर कॅन्सरसारखं योग्य निदान मागावं. एवढी छोटी सूचना, पण ती देण्यासाठी औषध ठाऊक असलेला माणूस आणि कोड लिहिणारा माणूस एका टेबलावर यावे लागतात.

ते आले नाहीत की काय होतं, हे थेराक-२५ या रेडिएशन मशीनने दाखवलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या मशीनमधून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग मिळाला आणि त्यातले काही दगावले. सॉफ्टवेअरमध्ये दोष होतेच. त्याचबरोबर आधीच्या मॉडेलमध्ये असलेली यांत्रिक सुरक्षा काढून तिचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. सरावलेली ऑपरेटर झटपट टाइप करून चूक दुरुस्त करेल, ही शक्यता कुणी नीट तपासली नव्हती. बिघाड झाला की पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढंच यायचं. त्याचा अर्थ धोका आहे की नाही, हे ऑपरेटरला कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडच्या कर्मचाऱ्याला दिसणारं 'एरर, पुन्हा प्रयत्न करा' हे त्याचंच सौम्य भावंड आहे.

मग कागदच बरा होता का?

असं म्हणणारे बरेच जण भेटतात. मला ते पटत नाही. कागद हरवतो, वाळवी खाते, पुरात भिजतो. डॉक्टरांचं अक्षर हा तर विनोदाचाच विषय आहे. रत्नागिरीत काढलेला रिपोर्ट कोल्हापूर किंवा मुंबईच्या डॉक्टरांना त्याच क्षणी दिसणं ही रुग्णाच्या फायद्याचीच गोष्ट आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा, म्हणजे चौदा आकडी आभा क्रमांकाचा, हेतू तोच आहे. हेतू चांगला आहे म्हणूनच आधीची हिस्ट्री नीट घ्यायला हवी. चुकीची नोंद कागदावर असेल तर एका फायलीत राहते. कॉम्प्युटरमध्ये असेल तर ती सगळीकडे पोचते.

दुसरा आक्षेप खर्चाचा असतो. तीन आठवडे नुसतं निरीक्षण करायला पैसे कोण देणार? पण ते पैसे आपण देतोच, फक्त नंतर आणि जास्त. घर बांधण्याआधी नकाशावर खिडकी हलवायला खोडरबर पुरतो. भिंत उभी राहिल्यावर गवंडी लागतो.

तिसरा आक्षेप सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा. "डॉक्टरांना काय हवंय ते त्यांनाच सांगता येत नाही." यात तथ्य आहे. आम्हा डॉक्टरांना वेळ नसतो आणि विचारलं तर 'सगळंच हवं' असं उत्तर येतं. पण रुग्णालाही आपलं दुखणं वैद्यकीय भाषेत सांगता येत नाही. ते काढून घेणं हे विचारणाऱ्याचं कौशल्य असतं. आणि विचारायचं ते फक्त डॉक्टरांनाच असंही नाही. खिडकीवरचा कर्मचारी, सिस्टर, फार्मासिस्ट, आशाताई यांना कामाची नस डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असते.

तुम्ही काय करू शकता?

सॉफ्टवेअर घेणाऱ्या हॉस्पिटलांना माझं एकच सांगणं आहे. सही करण्याआधी ते गर्दीच्या सोमवारी, तुमच्याच ओपीडीत, तुमच्याच कर्मचाऱ्यांच्या हातात देऊन पाहा. कंपनीच्या माणसाने एसी खोलीत दाखवलेला डेमो म्हणजे परीक्षा नव्हे.

रुग्ण म्हणून तुम्ही पुढचे प्रश्न निःसंकोच विचारा:

१. माझं नाव, वय, रक्तगट आणि अ‍ॅलर्जी काय नोंदवली आहे? वाचून दाखवाल का?

२. नोंद चुकली असेल तर कोण दुरुस्त करतं? डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मान्य केला आहे.

३. माझी आधीची नोंद दुसऱ्या नावाने आहे का? माहेरचं नाव, जुना नंबर सांगून शोधायला लावा.

४. ओटीपीचा फोन माझ्याजवळ नाही, दुसरा मार्ग कोणता? आभा क्रमांक घेणं ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून उपचार अडत नाहीत.

५. रिपोर्ट आणि औषधांची छापील प्रत मिळेल का? पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा.

आणि खिडकीवर खोळंबा झाला तर समोरच्या कर्मचाऱ्यावर ओरडू नका. तोही त्याच सॉफ्टवेअरचा रुग्ण आहे. त्याऐवजी नेमकं कुठे अडलं ते दोन ओळींत लिहून तक्रार पेटीत टाका: 'आज मोबाइल जवळ नसल्यामुळे आईचा केसपेपर निघाला नाही, एक तास गेला.' तुम्हाला ही साधी तक्रार वाटेल. पण सॉफ्टवेअर सुधारू पाहणाऱ्यासाठी ती नेमकी आणि तपासता येणारी गरज आहे. अशा पन्नास चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या, की पुढच्या सॉफ्टवेअरची हिस्ट्री घ्यायला सुरुवात झाली असं समजा.